कोपरा फाटलेलं पत्र

सिक्कीम, मार्फत ५६ ए. पी. ओ.
२२ जून १९९८

ती. अक्कास,
वीरेशचे शरणु.

हे पत्र मुद्दाम तुझ्या शाळेच्या पत्त्यावर धाडतोय. मधल्या सुट्टीत वाच आणि घरी नेऊ नकोस. घरच्या पत्त्यावर वेगळं पत्र पाठवलंय, ते अव्वाला मोठ्यानं वाचून दाखव, आईचं मन तेवढ्यानं निवेल. त्यात लिहिलंय, की इथली हवा थंड आहे, डाळभात बरा मिळतो, मी दवाखान्याच्या तंबूत बसून जवानांना सर्दीच्या गोळ्या वाटतो. त्यातलं डाळभाताचं तेवढं खरं आहे.

आता खरं सांगतो. आमचं ठाणं एका नव्या रस्त्याच्या कडेला आहे. रस्त्याचं काम चालू आहे आणि कामावरची माणसं बायकापोरांसकट डोंगराच्या पोटाशी पत्र्याच्या झोपड्या घालून राहतात. पाऊस लागला की डोंगर सुटतो. लढाई नाही, काही नाही, तरी आठवड्याला एकदा कुणीतरी धावत येतं, की माणसं गाडली गेली. मग आम्ही निघायचं. खणणारे जवान वेगळे. आम्ही नर्सिंग असिस्टंट, आमचं काम जिवंत माणूस सापडला की सुरू. बाहेर काढेपर्यंत त्याला जगवायचं. त्यासाठी कुणाला तरी आत सरपटत जावं लागतं. आमचे कॅप्टनसाहेब डॉक्टर आहेत, पण अंगानं आपल्या नागाप्पामामांसारखे. त्यामुळं आत जातो मी.

समोरच्या टेकाडावर एक जवान शिट्टी घेऊन उभा असतो. वरून दगड हलताना दिसले की त्यानं शिट्टी मारायची. शिट्टी झाली की हातातलं सगळं टाकून सगळ्यांनी बाहेर पळायचं. हा हुकूम आहे, त्यात विचार करायचा नसतो. गेल्या मंगळवारी मी एका म्हाताऱ्याजवळ होतो. छातीपर्यंत मातीत. त्याला सलाईनची सुई लावली आणि शिट्टी झाली. म्हाताऱ्यानं माझी बाही धरली होती. मी बाही सोडवून घेतली आणि उलटा सरपटत बाहेर आलो. दगड आले, शेजारून गेले. परत आत गेलो तर म्हातारा जिवंत होता. त्याला काढला. पण त्यानं परत काही माझी बाही धरली नाही.

अक्का, मला फार भीती वाटते. बाहेर आल्यावर माझी पँट ओली होती. पावसानं, असं सगळ्यांना सांगितलं. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून तुझ्या माथी मारतोय. दाजींना सांगितलंस तरी चालेल, अव्वाला नको.

तुझा,
वीरेश


जयसिंगपूर, सातवी गल्ली
८ जुलै १९९८

चि. तम्मा वीरेश यास,
अक्काचे आशीर्वाद. आणि एक सणसणीत चपराक, ती उधार ठेवली आहे.

तुझं पत्र मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढच्या तासाला पहिलीच्या पोरांना बेरजेऐवजी पाढे शिकवून आले. अख्ख्या फौजेत तूच एक हडकुळा भेटलास का रे त्यांना? लहानपणी बोळातल्या अंधारात जायला तुला माझा पदर लागायचा, आणि आता डोंगराखाली जातोस?

तू मला खरं लिहिलंस, बरं केलंस, असं लिहायला बसले होते. पण बरं केलं नाहीस. तेव्हापासून माझा घास घशाखाली उतरत नाही. टीव्हीवर बातम्या संपल्या की हवामान सांगतात. इतकी वर्षं मी ते कधी बघितलं नव्हतं. आता ईशान्येकडचा नकाशा आला की भाकरी तव्यावर करपते. परवा ह्यांनी विचारलं, "काय ओ, सिक्कीमात कुठं जमीन घेतलीया काय?" त्यांना सांगितलं मग. तेव्हापासून हवामान लागलं की तेच मला हाक मारतात.

अव्वाला तुझं दुसरं पत्र वाचून दाखवलं. सर्दीच्या गोळ्यांचं ऐकून म्हणाली, "गोळ्या वाटायला एवढ्या लांब कशाला न्हेलं त्येला? हितं काय सर्दी न्हाय व्हय?" मी हसले. तिला काय वाटलं ते कळत नाही. तिचं तुला माहीत आहे, अर्धं बोलते आणि अर्धं गिळते.

आता दुसरं. कुरुंदवाडची मंडळी आली होती. सुपारी फुटून सहा महिने होत आले, दिवाळीनंतरचा मुहूर्त धरू म्हणतात. प्रेरणाही आली होती. स्वयंपाकघरात माझ्यामागं उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "त्यांची ड्युटी तंबूतच असते ना?" मी व्हय म्हणाले. तुझ्यापायी मी आता दोन-दोन घरांत खोटं बोलते.

तेव्हा एवढं कर. खाली कुठं मोठा दवाखाना असेल, तिथं बदली माग. माग म्हणजे कागदावर लिहून दे. आणि तोवर आत जाणार नाहीस असं मला वचन दे. अव्वाची आण आहे तुला. मला तुझं शौर्यबिर्य काही नको. मला तू दिवाळीला दारात उभा पाहिजेस.

तुझी,
अक्का


सिक्कीम, मार्फत ५६ ए. पी. ओ.
२९ जुलै १९९८

ती. अक्कास,
शरणु.

चपराक पोचली. गाल चोळत लिहितोय.

तुझं ऐकलं. बदलीचा अर्ज लिहिला. कॅप्टनसाहेब चांगले आहेत, ते नाही म्हणणार नाहीत. ऑगस्ट उजाडला की मी खाली दवाखान्यात. तिथं पक्क्या भिंती, वर स्लॅब, डोंगर दूर. आणि आता आत जायला एक नवा पोरगा आलाय गढवालचा, तो माझ्यापेक्षा बारीक आहे. मी बाहेर बसून त्याला सामान पुरवतो. झालं समाधान?

तेव्हा आता हवामान बघायचं बंद कर आणि दाजींना भाकऱ्या नीट घाल.

मुहूर्त दिवाळीनंतरचाच धर. रजेचं मी बघतो. प्रेरणाला सांग, की ड्युटी तंबूतच असते. आता ते खोटं नाही.

इकडं पाऊस थांबायचं नाव घेत नाही. तंबूतली चादरसुद्धा ओली असते. बाकी काही विशेष नाही. अव्वाला पायाला लावायला तेल पाठवतोय, इथले लोक वापरतात.

तुझा,
वीरेश


जयसिंगपूर
३१ ऑगस्ट १९९८

चि. वीरेश,

हे पत्र कुणाला लिहितेय ते मलाच ठाऊक नाही. पाकिटावर तुझं नाव घातलंय. तू असलास तर तूच उघडशील. नसलास, तर जो कुणी उघडेल त्यानं मला खरं काय ते कळवावं, एवढी हात जोडून विनंती आहे.

गेल्या शुक्रवारी तुझं पत्र आलं. शाळेला गणपतीची सुट्टी. पोस्टमननं चांगुलपणानं ते घरी आणून दिलं. मी बाजारात गेले होते. अंगणात शेजारच्या धोंडुबाई होत्या, त्यांनी ते हातात घेतलं. आंतरदेशीय पत्र होतं आणि त्याचा कोपरा फाडलेला होता.

तुला माहीत आहे आपल्याकडं कोपरा फाडलेलं पत्र कशाचं असतं. धोंडुबाईंनी पत्ता वाचला नाही, काही नाही. तिथंच हंबरडा फोडला, "अव्वा गं, आपला वीरेश ग्येला गं!" नागाप्पामामा आत जेवत होते, ते खरकट्या हातानं बाहेर आले. मयताचं पत्र उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, घरात ठेवायचं नाही. मामांनी चष्मासुद्धा लावला नाही. म्हणाले, "वाचून काय करायचं हाय? कोपरा बघितला की कळलं." आणि दारातच टराटरा फाडून वाहत्या गटारात टाकलं.

मी पिशवी घेऊन गल्लीच्या तोंडाशी आले तर आपल्या दारात बायका. ह्यांना दुकानातनं बोलावून आणलेलं. एका माणसाला कुरुंदवाडला पिटाळलेलं. मामांनी मठातल्या स्वामींना निरोपसुद्धा धाडला होता, की विधीचं काय करायचं, कारण देह काही लवकर यायचा नाही. आणि अव्वा जोत्यावर बसलेली. रडत नव्हती. आल्यागेल्याला एकच विचारत होती, "वाचलं का पर कुणी? कुणी वाचलंय का त्ये?" तिला अक्षर येत नाही, आणि एवढ्या माणसांत तेवढं तिलाच सुचलं.

मी पदर खोचला आणि गटारात उतरले. सगळी गल्ली बघत होती. जेवढे तुकडे अडकले होते तेवढे काढले. त्यातल्या एकावर पत्ता होता, अर्धा. तुझं अक्षर. माझ्या नावापुढचा क्ष तू नेहमी उगाच वळसा देऊन काढतोस आणि मी नेहमी त्यावरून तुला रागावते, तो 'शिक्षिका' मधला क्ष. मी तिथनंच ओरडले, "अहो, मेलेला माणूस स्वतःच्या हातानं पत्ता लिहितो का?" मग धोंडुबाई म्हणाल्या, "तर काय, मी म्हणलंच हुतं." मामा चप्पल न घालता स्वामींना थांबवायला पळाले. एरवी मी आठवडाभर हसले असते.

तुकडे तव्यावर वाळवले. बहुतेक शाई वाहून गेली होती. वरच्या भागात तुझंच अक्षर, पावसाचं काहीतरी, तेल पोचलं का असं काहीतरी. पण खालचा भाग दुसऱ्याच कुणाचा आहे, वीरेश. वेडंवाकडं, थरथरतं, माझ्या वर्गातली पोरं पाटीवर पहिल्यांदा काढतात तसं. तिथले एवढेच शब्द लागतात. 'दवाखान्यात'. 'माफ कर'. 'प्रेरणाला सांग'. आणि एका तुकड्यावर 'उरला नाही'.

अर्धं पत्र तू लिहिलंस. अर्धं कुणी लिहिलं? ज्याला मराठी धड येत नाही अशा तुझ्या सोबत्यानं का? आणि तुझं पत्र दुसऱ्यानं का पुरं करावं? आणि मग तो कोपरा. मी सगळ्या गल्लीला ओरडून गप्प केलं, पण तो कोपरा कुणीतरी जाणूनबुजून फाडलाय असं आता मलाच वाटतंय. तुझ्याबरोबर कुणी आपल्याकडचा असेल, त्याला रीत ठाऊक असेल, तर तो असंच करेल ना रे?

अव्वाला सांगितलं, की पोस्टात उंदरानं कुरतडलं, तो खुशाल आहे. ती उठून आत गेली आणि चुलीसमोर बसली. तेव्हापासून दोन घासांवर आहे.

ह्यांनी तुझ्या युनिटला तार केली. उत्तर नाही. परवा आम्ही कोल्हापूरला सैनिक कार्यालयात जाऊन आलो. तिथले साहेब चांगले बोलले. म्हणाले, आमच्याकडं काही वाईट बातमी आलेली नाही, आली असती तर कळवली असती. पण आलेली नाही म्हणजे झालेली नाही असं थोडंच असतं?

तू आत जात नव्हतास ना? तूच लिहिलं होतंस. पक्क्या भिंती, वर स्लॅब. मग दवाखान्यात काय झालं?

जो कुणी हे वाचत असेल त्यानं दोन ओळी लिहाव्या. हिंदीत, इंग्रजीत, कशाही.

अक्काताई


जयसिंगपूर
१४ सप्टेंबर १९९८

वीरेश,

अजून काही नाही. पोस्टमन आता आमची गल्ली चुकवतो. आला तर लांबूनच मान हलवतो.

कुरुंदवाडला उलटा निरोप पाठवला होता, की चुकीची बातमी होती. प्रेरणाचे वडील येऊन गेले. म्हणाले, "चुकीची असू दे, पर असली बातमी एकदा दारात आली की मन खातंय ओ पावणं." बोलणी थांबवू या म्हणतात. मी वाद घातला नाही. कशाच्या जोरावर घालू?

तू मला कशाला लिहिलंस रे ते जूनमधलं? मला काही माहीत नसतं तर मी अव्वाला सांगितलेल्या उंदरावर स्वतःच विश्वास ठेवला असता. आता डोळे मिटले की मला डोंगर दिसतो, आणि त्याखाली तू, आणि बाहेर कुणीतरी शिट्टी मारतंय. शाळेत पीटीच्या बाई शिट्टी मारतात, तेव्हा मी वर्गात दचकते. पोरं हसतात.

एक रेघ ओढून पाठव. नुसती रेघ.

अक्का


बेस हॉस्पिटल, मार्फत ९९ ए. पी. ओ.
१९ सप्टेंबर १९९८

ती. अक्कास,
शरणु.

मी जिवंत आहे. आधी हे वाच, दाजींना ओरडून सांग, मग पुढचं वाच.

तुझं ३१ तारखेचं पत्र ठाण्यावर गेलं, तिथनं मागं-पुढं फिरत चार दिवसांमागं माझ्या हातात आलं. दाजींची तार अजून कुठं आहे देव जाणे, रस्ता तीन ठिकाणी तुटलाय. हे अक्षर बघून परत घाबरू नकोस. ते 'दुसऱ्या कुणाचं' अक्षर माझंच आहे. डाव्या हाताचं. उजवा हात मनगटापासून नाही. चार दिवस झाले हे पत्र लिहितोय, तेव्हा चुका काढू नकोस.

आता सगळं सांगतो. काही लपवत नाही.

बदलीचा अर्ज मी लिहिला होता, दिला नाही. गढवालचा पोरगा खरा होता, पण त्याला पहिल्याच खेपेला आत गुदमरल्यासारखं झालं, तो रडायला लागला. त्याला कसा पाठवू? तुला पत्र लिहिलं त्याच दिवशी मी दोनदा आत गेलो होतो. तुला खोटं लिहिताना वाईट वाटलं नाही. तुझा घास घशाखाली उतरेल एवढंच वाटलं.

ऑगस्टच्या दहा तारखेला सकाळी मी तुला पत्र लिहीत बसलो होतो. पत्ता घालून झाला होता, निम्मं लिहून झालं होतं, तेवढ्यात माणूस धावत आला. मी पत्र घडी घालून खिशात कोंबलं आणि निघालो.

कामावरची एक नेपाळी बाई होती. झोपडीवर दगड आले होते. वाशांच्या आधारानं एक पोकळी राहिली होती, त्यात ती. गुडघ्याखालचा पाय दगडाखाली. मी तिच्यापर्यंत पोचलो, मॉर्फिनचं इंजेक्शन दिलं. बाहेरच्यांनी पहारीनं दगड जरासा उचलला आणि तिच्या पायातनं रक्ताची धार लागली. दगडानंच ती दाबून धरली होती. आवळपट्टी लावायला जागा नव्हती, वेळही नव्हता. मी फटीतनं उजवा हात घातला आणि गुडघ्याच्या मागं शीर सापडली तिथं अंगठा दाबला. धार थांबली. बाई माझ्याकडं बघत होती.

आणि शिट्टी झाली.

अक्का, मी हात काढणार होतो. हे तुला सांगायलाच हवं, कारण इथं सगळे वेगळंच बोलतात. परवा एक मोठे साहेब येऊन पाठ थोपटून गेले. शिट्टी झाल्यावर माझ्या मनात बाई नव्हती, देश नव्हता, काही नव्हतं. तुझी दिवाळी होती. मी हात ओढायला सुरुवात केली. अंगठा ढिला पडला आणि लगेच गरम रक्त बोटांवर आलं. मी परत दाबलं. एवढंच झालं. परत दाबलं आणि मग काढणं जमेना. बाहेरून कॅप्टनसाहेब माझ्या नावानं शिव्या देत होते, ते ऐकू येत होतं. मी डोळे मिटून मोठमोठ्यानं अव्वाला हाक मारत होतो.

वरचा दगड खाली बसला, माझ्या मनगटावर. अंगठा आत तसाच दाबलेला राहिला. दगड थांबल्यावर कॅप्टनसाहेब सगळ्यांना मागं सारून जेवढं येता येईल तेवढं आत आले आणि आवळपट्टी पुढं सरकवली. मी डाव्या हातानं आणि दातांनी ती बाईच्या मांडीला आवळली. पट्टी किती वाजता आवळली आणि मॉर्फिन किती दिलं, ते लिहून रोग्याच्या अंगावर लावावं लागतं. नाहीतर पुढचा डॉक्टर परत मॉर्फिन देतो आणि माणूस त्यानंच मरतो. आणि मी बाहेर निघेपर्यंत शुद्धीवर राहीन, तोंडी सांगेन याची खात्री नव्हती. चिठ्ठ्यांचा गठ्ठा चिखलात गेला होता. खिशात तुला लिहिलेलं पत्र होतं. दातांनी त्याचा कोपरा फाडला, डाव्या हातानं त्यावर वेळ आणि मॉर्फिन लिहिलं आणि तो तिच्या चोळीला टाचला. तो तुझा कोपरा. आपल्याकडं त्याचा काय अर्थ होतो हे तेव्हा डोक्यात आलं नाही, आणि नंतर पत्र पोस्टात टाकतानाही आलं नाही. इतकी वर्षं बाहेर राहून मी आपली रीत विसरलो आणि तिकडं तुम्ही मला मारून मोकळे झालात.

बाईचा पाय गेला. ती वाचली. त्या कोपऱ्यावरची वेळ बघूनच इथं पुढचं सगळं केलं, असं इथल्या सिस्टर म्हणाल्या.

माझा हात मात्र काढावा लागला. घरी तार करू नका म्हणून मीच साहेबांच्या विनवण्या केल्या, माझं पत्र आधी पोचू दे म्हटलं. ते नवीन आंतरदेशीय देत होते, लिहूनही देतो म्हणाले. मी नको म्हटलं. त्या पत्रातला वरचा निम्मा भाग माझ्या उजव्या हातानं लिहिलेला होता. तसं आता मला पुन्हा लिहिता येणार नाही, म्हणून तेच पुरं केलं. 'माझा उजवा हात उरला नाही' असं लिहिलं होतं. मामांनी ते नेमकं मधोमध फाडलं.

'प्रेरणाला सांग' च्या पुढं होतं, की तिला मोकळं केलंय. एका हाताच्या माणसाशी बांधून घ्यायची तिच्यावर सक्ती नाही. ते सांग.

शेवटचं एक. मला पेन्शन देऊन घरी पाठवू शकतात. पण कॅप्टनसाहेब विचारत होते, की नव्या पोरांना शिकवायला राहतोस का. आत कसं जायचं, अंधारात हातानं शीर कशी शोधायची, भीती वाटली की काय करायचं. ठाण्यावरच राहायचं, आणि बोलावणं आलं की त्यांच्याबरोबर दरडीपर्यंत जायचं. मला जावंसं वाटतंय, अक्का. का ते मला नीट सांगता येणार नाही. तू नको म्हणालीस तर नाही जाणार. ह्या खेपेला खरंच.

अव्वाला काय सांगायचं ते तू ठरव.

तुझा,
वीरेश


जयसिंगपूर
३ ऑक्टोबर १९९८

चि. तम्मा वीरेश यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. पोस्टमननं गल्लीच्या तोंडापासनं हात वर करून नाचवत आणलं. चारी कोपरे धड होते, ते त्यानंच आधी बघितले म्हणाला.

तुला एक सांगायचंय, आणि ते सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही. 'उजवा हात मनगटापासून नाही' हे वाचलं, तेव्हा मला आनंद झाला. खरंच झाला, वीरेश. पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की आता ह्याला कुणी आत पाठवणार नाही. बस्स, सुटलो. माझ्या भावाचा हात गेला आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून देवाला हात जोडले. त्याच हातानं तू पहिलं अक्षर माझ्यासमोर बसून काढलं होतंस. रडू आलं ते मागाहून, बऱ्याच वेळानं, भांडी घासताना. एवढी भीती माणसाला काय करून सोडते बघ.

आणि मग शेवटच्या पानावर आले, तर तू परत वर जायचं म्हणतोस.

मी पत्र घडी घालून पोलक्यात ठेवलं. अव्वाला काय सांगायचं ते जुळवायला लागले. अपघात झाला, दवाखान्यात दार हातावर पडलं, असं काहीतरी. अव्वा जोत्यावर बसली होती. म्हणाली, "त्येच्या गोळ्यांचं पत्र मला वाचून दावलंस तवाबी तू अशीच घाम पुसत हुतीस. आण हिकडं." पत्र घेतलं, उघडलं, डोळ्यांजवळ धरलं. मग माझ्या हातात परत दिलं. "हितनं तितनं वाच. एक अक्षर सोडायचं न्हाय."

मी वाचलं. सगळं. अर्ज न दिल्याचं, शिट्टीचं, तू हात ओढत होतास ते, तू तिला हाक मारत होतास ते. तिथं मी थांबले. ती म्हणाली, "वाच." मी पुढं वाचलं. हात गेला ते ऐकून तिनं आपला उजवा हात डाव्यात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

संपल्यावर मी वाट बघत बसले. ती आता बोलेल, आता ऊर बडवेल. तिनं विचारलं, "ती बाई हाय न्हवं?"

मी म्हणाले, "हाय. पाय गेला, पर ती हाय."

"तिची आई आसंल कुठंतर," अव्वा म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "भाकरी वाढ." त्या शुक्रवारपासून पहिल्यांदा तिनं पोटभर खाल्लं.

प्रेरणाचं ऐक. तुझा निरोप मी कुरुंदवाडला जाऊन तिच्या वडिलांना सांगितला. ते विचार करू म्हणाले. दोन दिवसांनी प्रेरणा एकटीच एसटीनं आली. तिनं एवढंच विचारलं, "त्यांचा हात दुखत असेल का हो?" मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं तुला. तिनं तुझा पत्ता लिहून घेतला आहे. मोकळं-बिकळं करायचं ते तिच्याशी बोल, मला मध्ये घालू नकोस. तिचं पत्र आलं तर नीट उत्तर दे, किती दिवस लागले तरी.

आता तुझं विचारणं. तू नको म्हणालीस तर जाणार नाही, असं लिहिलंस. माझ्यावर टाकलंस. अव्वाला विचारलं, तर म्हणाली, "मी काय सांगू? त्येला हाक मारायला मी हाय, त्या पोरास्नी कोण हाय थितं?" आणि आत गेली. तिचं तिनं उरकलं.

मी अव्वा नाही. मला अजून त्या पोरांची काळजी वाटत नाही, तुझी वाटते. तू दरडीपर्यंत जाशील, आणि एखादं पोर आत रडायला लागलं की एका हातानं तूही आत जाशील, हे मला आत्ताच दिसतंय. तरी नको म्हणणार नाही. तू म्हणशील, अक्का मोठ्या मनाची. नाही रे. शिट्टी झाल्यावर तू हात काढला असतास आणि ती बाई गेली असती, तरीही मी देवाला हात जोडले असते, आणि तेवढ्याच आनंदानं. म्हणून ह्या बाबतीत माझं ऐकू नकोस.

जा. दिवाळीला आधी घरी ये, मग जा. मी भीतच राहीन, त्याला तुझा इलाज नाही. पण इथनं पुढं मला खरं लिही आणि घरच्याच पत्त्यावर लिही. अव्वाला वाचून दाखवायचं आहे.

तुझी,
अक्का